जुझेचा नारळ

फादर ग्रासियासनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि उजवा हात त्यावर ठेवायला सांगितलं. मी हात धोतराला पुसला. सकाळीच हिरड्याची पोती भरून आलो होतो, बोटं काळी झाली होती. पानांच्या कडांना सोनेरी रंग दिलेला. मी नुसती बोटांची टोकं टेकवली.

"पूर्ण हात ठेव, सांतान," फादर म्हणाले.

मी पूर्ण हात ठेवला. इगर्जीच्या मागच्या त्या खोलीत आम्ही चौघंच होतो. टेबलापलीकडे फादर, अलीकडे मी. दाराशी माझी वहिनी नातालीन, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला. तिच्या मागे, चपला बाहेर काढून, इनास.

"तुझा थोरला भाऊ जुझे मेला?"

"मेला, फादर."

"कुणी सांगितलं म्हणून म्हणतोस, की स्वतः पाहिलंस?"

"पाहिलं."

"स्वतःच्या डोळ्यांनी?"

"होय."

फादरांनी ते लिहून घेतलं. शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली. 

आता हे मी कशाच्या जोरावर बोललो ते सांगायला हवं. आम्ही सिद्दी. आमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गलबतात घालून आणलं आणि गोव्यात विकलं. तिथल्या घरांतून पळून ते हल्याळच्या पलीकडच्या रानात शिरले. कुणी हिंदू झाले, कुणी मुसलमान, आम्ही किरिस्तांव. पण आमच्या हुंबराळी वाडीत थोरले, म्हणजे गेलेले पूर्वज, सगळ्यांचे एकच. मूळ घराच्या कोपऱ्यात सारवलेला ओटा असतो. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाचा एक नारळ त्या ओट्यावर बसवायचा. वर्षातून एकदा नारळ बदलायचे, कोंबडं शिजवायचं, दमाम वाजवायचा. तेव्हा पिदादआजीच्या अंगात थोरले येत आणि एकेक करून बोलत. इगर्जीत क्रूस आणि घरात नारळ, यात आम्हाला कधी अडचण वाटली नाही. आधीचे म्हातारे फादर नारळाचा दिवस जवळ आला की मुद्दाम कुठल्यातरी कामाला गोव्याला जात. ग्रासियास तसे नव्हते. त्यांना सगळं पुस्तकाप्रमाणे लागे.

जुझे त्या शपथेच्या सहा वर्षं आधी ठेकेदाराबरोबर लाकूडतोडीला दक्षिणेकडे गेला होता. धाकटी लुर्दीन तेव्हा दोन वर्षांची होती. दुसऱ्या वर्षी बातमी आली, की घाटात ओंडक्यांचा ट्रक उलटला आणि एक सिद्दी मेला, तिथेच पुरला. नाव कुणाला सांगता येईना. आम्ही वर्षभर वाट पाहिली. मग थोरल्यांच्या दिवशी पिदादआजीच्या अंगात वारं आलं, आणि ती पुरुषी आवाजात मला म्हणाली, "काय रे मुंग्या, विडी दे."

मला मुंग्या एकटा जुझे म्हणायचा. आजीने विडी मागितली ती अंगठा आणि करंगळीत धरून, त्याच्यासारखी.  मी विडी पेटवून दिली. त्याच दिवशी मूळ घरात जुझेचा नारळ बसला. म्हणून फादरांनी विचारलं तेव्हा मी पाहिलं म्हणालो. आमच्यातला कुणीही हेच म्हणाला असता.

नारळ बसल्यावर वर्षभराने पंचांनी नातालीनला इनासच्या घरात दिलं. याला आमच्याकडे उडकी म्हणतात. विधवेला नवं लुगडं, ओटीत तांदूळ, चार म्हाताऱ्यांचा आशीर्वाद, संपलं. इनास कोयत्यांना धार लावायचा, कुऱ्हाडींना दांडे बसवायचा. बोलायला कमी, पण लुर्दीनला खांद्यावर बसवून बाजाराला न्यायचा. पुढे त्यांना एक मुलगाही झाला.

गावाला हे लग्न पुरत होतं, फादर ग्रासियासना पुरत नव्हतं. उडकी म्हणजे लग्न नव्हे, ते म्हणत. जे इगर्जीत उभं राहून झालं नाही ते पापात राहणं. अशांना कुमगार नाही, म्हणजे फादर जिभेवर ठेवतात ती पवित्र भाकर नाही. आणि त्याच अवस्थेत मेलं तर इगर्जीच्या स्मशानात जागाही नाही. आमच्या वाडीतली अर्धी जोडपी तशीच होती. लोक मान खाली घालून ऐकत आणि घरी जात. पण त्या पावसाळ्यात रेजीन नावाची एक बाई बाळंतपणात गेली. उडकीचीच बायको. फादरांनी तिला कुंपणाच्या आत घेऊ दिलं नाही. बाहेर, जिथे लोक गुरं बांधत, तिथे खड्डा काढला. प्रार्थनेला फादर आले नाहीत. नातालीनने तिला आंघोळ घातली होती.

त्या दिवसापासून नातालीन बदलली. जेवताना मध्येच थांबायची. इनासशी भांडायची नाही, पण त्याच्याकडे बघायचीही नाही. पाच वेळा ती फादरांकडे चालत गेली. एवढं सांगतो, की फादर वाईट माणूस नव्हता. तापाच्या साथीत डोक्यावर औषधाची पेटी घेऊन आमचा ओढा त्याने छातीभर पाण्यातून ओलांडला होता. पण नियमाला तो हलत नसे. जुझे मेल्याचा कागद आणा, नाहीतर शपथेवर सांगणारा माणूस आणा. ठेकेदाराच्या ट्रकखाली मेलेल्या सिद्द्याचा कागद कोण करणार? राहिलो मी.

तीन रविवार दोघांची नावं पुकारली. कुणाची हरकत असेल तर सांगा, असं फादर वेदीवरून म्हणाले. कुणाची नव्हती. चौथ्या आठवड्यात नातालीन आणि इनासचं लग्न लागलं. तिने मागून आणलेली पांढरी साडी नेसली होती, ती तिला आखूड पडत होती. इगर्जीबाहेर दमाम वाजला. पंचेचाळीस वर्षांचा इनास असा नाचला, की त्याचा एक दात पडायचा राहिला होता तो त्या दिवशी पडला. पिदादआजी म्हणाली, "नवरदेवाला दूधदात आले, जपा." फादरसुद्धा हसले. नातालीन रात्रीचं जेवण वाढताना गुणगुणत होती. ते मी फार वर्षांनी ऐकत होतो.

त्यानंतर सात आठवड्यांनी, एका शुक्रवारी, मी लाकूड डेपोवर गेलो होतो. सागाच्या ओंडक्यांच्या थप्पीला टेकून एक माणूस बसला होता. अंगावर कांबळं, शेजारी काठी.

"काय रे मुंग्या," तो म्हणाला.

मी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. पावलं उलटी आहेत का ते.

"सरळच आहेत," जुझे म्हणाला. "एक जरा वाकडा झालाय, पण तो माझ्यावर झाड पडलं म्हणून. बस."

मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो.  त्याने विडी काढली आणि अंगठा आणि करंगळीत धरून ओढली. त्याचं सगळं त्याने थोडक्यात सांगितलं. ट्रकखाली मेलेला सिद्दी तो नव्हता. तो कुर्गातल्या कॉफीच्या मळ्यावर होता. तिथे झाड पडून मांडीचं हाड मोडलं, दोन वर्षं अंथरुणावर काढली. मग लाज वाटली. लंगडा होऊन बायकोच्या दारात काय जायचं, असं वाटायचं. आता मळ्यावर राखणीचं काम आहे, काठी टेकून होतं. आता जावं म्हटलं.

"कासीमने सांगितलं नाही का तुम्हाला?" त्याने विचारलं. "ट्रकवाला कासीम. दीडएक वर्ष झालं. मी त्याच्याकडून मळ्याचं नाव पाठ करून घेतलं होतं."

मी त्याच्या काठीकडे पाहिलं.

कासीमने सांगितलं होतं. याच डेपोवर, हाताला धरून, मळ्याचं नावही सांगितलं होतं. तो दारू प्यायला होता. मी स्वतःला म्हटलं, प्यालेल्या माणसाचं काय खरं धरायचं, आजीच्या तोंडून तर जुझे स्वतः बोलला. लुर्दीन तेव्हा इनासला बाबा म्हणायला लागली होती. नातालीनच्या पोटात मूल होतं. मी कुणाला बोललो नाही. पुस्तकावर हात ठेवला त्या दिवशी मला कासीम आठवला होता. म्हणूनच मी आधी बोटांची टोकं ठेवली होती.

"नाही सांगितलं," मी म्हणालो.

मग मी त्याला बाकीचं सांगितलं. उडकी झाली हे ऐकून त्याने मान हलवली. ते त्याने धरलंच होतं. इनास चांगला माणूस, म्हणाला. उडकी मोडता येते, हेही त्याला ठाऊक होतं. पंच बसतात, बाईला विचारतात, ती म्हणेल तिकडे जाते. पण इगर्जीत लग्न लागलं म्हटल्यावर त्याच्या हातातली विडी तशीच राहिली.

"फादरांनी लावलं? मी जिवंत असताना?"

"मी शपथ घेतली."

"काय म्हणून?"

"तुला मेलेलं पाहिलं म्हणून. तुझा नारळ बसवलाय, दादा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हसला. "पाण्याचा आहे की सुकलेला?"

मी रडायला लागलो. त्याने मला रडू दिलं. मग विचारलं, की तो घरी आला तर काय होईल. मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. फादर ते लग्न रद्द धरतील. नातालीनला इनासचं घर सोडावं लागेल, नाहीतर आयुष्यभर कुमगार नाही. आता सगळ्या वाडीसमोर ती दोन जिवंत नवऱ्यांची बायको ठरेल. मुलगा कुणाचा म्हणून विचारतील. आणि मी पुस्तकावर हात ठेवून खोटं बोललेला माणूस.

"हे शेवटचं तू आधी सांगायला पाहिजे होतंस," जुझे म्हणाला.

 हे त्याच्या आणि नातालीनच्या आयुष्याचं होतं. दोन मैलांवर ती होती, तिला बोलावून विचारता आलं असतं. ते माझ्या मनात आलं. मी ते बोललो नाही, आणि त्यानेही त्याबद्दल काही म्हटलं नाही. मी म्हटलं, "दादा, परत जा." हे शब्द मीच उच्चारले.

त्याने एकच मागणं मागितलं. त्याला लुर्दीनला बघायचं होतं. येत्या रविवारी तिची पहिली कुमगार होती. मी म्हटलं, इगर्जीत मागे बस, कांबळं डोक्यावरून घे, मिस्साची प्रार्थना संपायच्या आत बाहेर पड.

रविवारी नऊ मुलं पांढऱ्या कपड्यांत होती. लुर्दीनच्या डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट होता. मी मागच्या दारापाशी उभा राहिलो. जुझे शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात बसला होता, म्हाताऱ्यासारखा वाकून. लुर्दीन वेदीपाशी गेली, गुडघे टेकले, जीभ बाहेर काढली. मी जुझेकडे पाहिलं. तो नुसता बघत होता.

मुलांच्या मागून आईबाप गेले. नातालीननेही कुमगार घेतली. डोळे मिटून घेतली, मग उठली आणि हात जोडून बाजूच्या वाटेने मागे येऊ लागली. त्या वाटेला शेवटचा बाक लागतो.

मी तिला हाक मारणार होतो. इगर्जीत कशी मारणार? तिची नजर वर गेली आणि कोपऱ्यातल्या माणसावर थांबली. त्याने कांबळं पुढे ओढलं, पण उशीर झाला होता. ती एक पाऊल थांबली असेल. तोंडात ती भाकर होती. किरिस्तांव माणूस ती चावत नाही, ती आपोआप विरघळते. तिचा गळा हलला. मग तिने माझ्याकडे पाहिलं. जुझेकडे पाहिलं त्याहून जास्त वेळ माझ्याकडे पाहिलं. आणि जाऊन इनासशेजारी बसली.

मिस्सा संपली तेव्हा बाक रिकामा होता. जुझेला मी नाक्यावर गाठलं. तो बसच्या पायरीवर चढत होता, काठी आधी आत टाकून.

"दिसलो तिला मी," तो म्हणाला. "आता तूच बघ." एवढंच. बस गेली.

पुढच्या रविवारी नातालीन कुमगारीला उठली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फादरांना वाटलं आजारी आहे. त्यांनी विचारलं तेव्हा तिने पोट बरं नाही म्हणून सांगितलं. ज्यासाठी ती पाच वेळा चालत गेली होती ते तिच्या हातात आलं होतं, आणि ती बाकावर बसून राहायची. पापकबुलीला जाऊन सांगितलं असतं तर इनासला सोड म्हणाले असते. सांगितल्याशिवाय घ्यायचं तिच्याने होत नव्हतं. इनासला तिने काही सांगितलं नाही. मलाही एका शब्दाने विचारलं नाही. आमची घरं समोरासमोर होती. सण असला की ती माझ्याकडे ताट पाठवायची, मुलाच्या हाती.

इनासने याचा वेगळाच अर्थ लावला. एकदा पहारीला धार लावताना तो म्हणाला, "भाऊ, उडकीत होतो तेव्हा ती हसायची. लग्न लागल्यावर तिला मी नकोसा झालो काय?" मी म्हटलं, तसं काही नसेल. तो तोच विचार घेऊन मेला. लग्नानंतर बावीस वर्षांनी.

नातालीन त्यानंतर नऊ वर्षं जगली. शेवटी जलोदर झाला. लुर्दीन मुंबईहून आली, नवे तरुण फादर आजाऱ्याची कुमगार घेऊन घरी आले. नातालीनने तोंड मिटून घेतलं. फादरांना वाटलं भान नाही. ते तेल लावून, प्रार्थना म्हणून गेले. मग तिने मला जवळ बोलावलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या गोष्टीवर बोलली.

"भाऊजी, तो असेल का हो अजून?"

"मला माहीत नाही, वहिनी."

"तुम्ही कधी बघून आला नाहीत?"

मी नाही म्हटलं. तिने डोळे मिटले. पहाटे गेली. तिला कुंपणाच्या आत, इनासशेजारी जागा मिळाली. तोवर नवे फादर कुणालाच बाहेर ठेवत नव्हते, कुठलंही लग्न असो.

तेराव्याआधीच मी निघालो. मळ्याचं नाव मला कासीमपासून पाठ होतं. शेवटच्या बसमधून उतरल्यावर चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना कॉफी, आणि वळणावर एक छोटी इगर्ज. तिथला सेवेकरी म्हातारा मंगळुरी होता, कोकणी बोलायचा, त्यामुळे माझं काम सोपं झालं. जुझे सिद्दी म्हणताच तो ओळखीचं हसला. लंगडा ना, म्हणाला, विडी करंगळीत धरणारा. तो मला मागच्या बाजूला घेऊन गेला.

सिमेंटचा बुटका क्रूस होता. साठीनंतर साक्षरता वर्गात मी अक्षरं शिकलो होतो. नाव इंग्रजीत होतं, ते मला लागलं नाही, पण आकडे लागले. साल वाचलं, मग बोटाने पुन्हा एकदा वाचलं. लुर्दीनच्या पहिल्या कुमगारीचं साल. डिसेंबरची तारीख.

मी सेवेकऱ्याला विचारलं, की एखाद्या बाईचं दुसरं लग्न पहिला नवरा जिवंत असताना लागलं असेल आणि नंतर तो मेला, तर काय. तो म्हणाला, काही कठीण नाही. पापकबुली द्यायची, दोघांनी पाच मिनिटं फादरांसमोर पुन्हा उभं राहायचं. गाजावाजा लागत नाही.

"छातीत पाणी झालं होतं त्याच्या," तो सांगत राहिला. "शेवटच्या दिवसांत फादरांना म्हणाला, मी मेल्याचं गावी कळवा, तिथे कुणाचं तरी अडलंय. त्याच रात्री गेला. फादरांनी तारीख घालून पत्र लिहिलं. भावाच्या नावावर होतं. पोचलं नाही का?"

पोचलं होतं. निळं आंतर्देशीय पत्र. नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात पोस्टमन घेऊन आला आणि म्हणाला, सांतान, कुर्गाचा शिक्का आहे, फोडून वाचून दाखवतो. समोरच्या अंगणात नातालीन भात वाळत घालत होती. मला वाटलं, जुझे पुन्हा यायचं म्हणत असणार. मी पत्र त्याच्या हातातून काढून घेतलं, आत गेलो आणि न फोडता चुलीत घातलं.